किनाऱ्याकडे तोंड

योशिहारु मूळचा याइझुच्या कोळ्यांतला, घरातला तिसरा मुलगा. काताहिरांना एकुलती एक मुलगी, सुमिए. डोंगरउतारावर त्यांचे चहाचे मळे, आणि खाली पानं वाफवून वळायचा लहानसा कारखाना. तेव्हा योशिहारु घरजावई होऊन आला, आडनाव बदलून काताहिरा झाला आणि वीस-एक वर्षं पानं वाफवत राहिला. चहावर त्याचं प्रेम नव्हतं, रागही नव्हता. त्याचा जीव होता तो विमानांच्या प्रतिकृतींत.

माझा शिझुओका शहरात दातांचा दवाखाना आहे. आमच्या मॉडेल क्लबात आम्ही दोघं एकाच वर्षी आलो. मी बोथट झालेली दात कोरायची पाती आणि चिमटे त्याला आणून द्यायचो, आणि तो त्यांनी अशी काही बारीक कामं करायचा की मला माझ्याच धंद्याची लाज वाटावी. चहाच्या कोठारावर त्याची एक माडी होती. शिडी चढून वर जायचं आणि शिडी वर ओढून घ्यायची. सासऱ्याची हाक तिथे पोचायची, सासरा पोचायचा नाही.

सासरा म्हणजे किसाबुरो. गावात सगळे त्याला टरकून असत. जावयाला तो नावाने क्वचितच हाक मारी. "अरे", "ऐकलं का", फार तर "याइझु".

सत्त्याऐंशी सालच्या शरदात किसाबुरोला झटका आला. जीव वाचला, पण उजवा पाय आणि उजवा हात गेल्यातच जमा झाले. बागेकडच्या खालच्या खोलीत त्याचं अंथरूण घातलं. दिवसभर कुणीतरी जवळ बसायला हवं होतं. सुमिए सहकारी संघाच्या कचेरीत नोकरीला जायची, आणि हिवाळ्यात कारखाना बंद. म्हणजे उरला योशिहारु.

"माडी गेली माझी, डॉक्टर," तो मला फोनवर म्हणाला. "टेबल खाली आणलंय. म्हाताऱ्याच्या पायथ्याशी."

दर बुधवारी माझा दवाखाना बंद असतो. त्या हिवाळ्यात मी बहुतेक बुधवारी त्यांच्याकडे गेलो, म्हणून पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. खोली लहान. म्हाताऱ्याला थंडी सोसत नसे म्हणून खिडक्या घट्ट बंद आणि केरोसीनची शेगडी कायम पेटलेली. त्यात रंगाचा आणि गोंदाचा वास. मी अर्ध्या तासात डोकं धरून बाहेर यायचो, योशिहारु तिथे दिवस दिवस बसायचा. खिडकी बोटभर उघडली तरी अंथरुणावरून काठी जमिनीवर आपटायची.

सुरुवातीचे बरेच दिवस म्हातारा नुसता बघत असे. मग एकदा म्हणाला, "काय रे, हे पोरखेळ किती दिवस चालायचे?"

"हिवाळा सरेपर्यंत, बाबा."

"सगळी चाकांचीच विमानं करतोस. पाण्यावरचं करता येतं का? खाली दोन तराफे असतात, ते?"

"येईल की."

"तीन माणसांचं. टेहळणीचं."

किसाबुरो लढाईत आरमाराच्या विमानांचा मेकॅनिक होता, दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावर. घरात एवढंच माहीत होतं. योशिहारुला मनातून आनंद झाला. वीस वर्षांत सासऱ्याने त्याच्याकडे चहाखेरीज प्रथमच काहीतरी मागितलं होतं. त्या विमानाचा हव्या त्या आकाराचा संच बाजारात मिळत नव्हता, म्हणून त्याने दुसऱ्या दोन संचांचे तुकडे जोडले, तराफे स्वतः प्लास्टिकच्या पट्ट्यांतून घडवले. आणि नुसतं विमान कशाला, म्हणून संपूर्ण देखावाच करायचं ठरलं: किनारा, झाडं, उथळ पाण्यात तरंगणारं विमान.

त्याच सुमाराला दुसरी एक गोष्ट झाली. शहरातल्या एका मॉडेल कंपनीच्या किताजिमा नावाच्या साहेबांनी योशिहारुचं काम क्लबात पाहिलं होतं. त्यांच्याकडे नव्या संचांचे पहिले नमुने बनवणारा माणूस निवृत्त होत होता. "एप्रिलपासून येता का?" त्यांनी विचारलं.

योशिहारु त्या दिवशी थेट माझ्या दवाखान्यात आला. रुग्ण खुर्चीत तोंड उघडून बसलेला, आणि हा दारात उभा. "डॉक्टर, मला विचारलं हो त्यांनी!" एवढंच म्हणाला. पन्नाशीला आलेला माणूस, कान लाल झाले होते.

घरी जाऊन त्याने सासऱ्याची परवानगी मागितली. म्हाताऱ्याने डाव्या हाताने टेबलाकडे बोट केलं.

"हे आधी पुरं कर. मग बघू."

नाही म्हणाला नाही, म्हणून योशिहारु खूश झाला. किताजिमांना त्याने कळवलं की मार्चअखेर पक्कं सांगतो.

आणि मग सुरू झालं. वाळू पसरली तर म्हातारा म्हणे, "काळी नव्हती. ही इथल्या मिहोच्या किनाऱ्याची वाळू. तिथे प्रवाळाची पांढरीफटक होती, डोळे दुखायचे." योशिहारुने वाळू खरवडून पांढरी पसरली. विमान गडद हिरवं रंगवलं तर, "असा हिरवा पहिल्या महिन्यात. नंतर उन्हाने विटून भाजीच्या पाण्यासारखा." तो रंगही उतरवला. माडांच्या झावळ्या त्याने कागदाच्या कापल्या, एकेक पात वेगळं. म्हाताऱ्याने त्या भिंगातून पाहिल्या आणि म्हणाला, "वारा समुद्राकडून यायचा. तुझी झाडं उलटी झुकलीत."

खरं सांगायचं तर जानेवारीपर्यंत मलाही हे बघताना मजा येत होती. म्हातारा बरोबर असायचा, आणि देखावा दर आठवड्याला जिवंत होत चालला होता. क्लबात मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की या वर्षी मार्चच्या प्रदर्शनात बघाच.

फेब्रुवारीत योशिहारु मला फाटकापर्यंत पोचवायला आला आणि हळूच म्हणाला, "देखाव्यातली पिंपं आठवतात? पेट्रोलची?"

"डावीकडची?"

"आधी डावीकडे सांगितली. मग उजवीकडे. काल पुन्हा डावीकडे. मी म्हटलं, बाबा, तुम्हीच उजवीकडे म्हणाला होतात. तर म्हणाले, मी म्हातारा झालो, तू तरी लक्षात ठेवायचंस." तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "त्यांना सगळं आठवतंय, डॉक्टर. परवा इंजिनातल्या नळ्या कशा वळायच्या ते डोळे मिटून सांगितलं. आणि पिंपं विसरतात?"

"मग तू सरळ बोल ना त्यांच्याशी."

"काय बोलू? मला सोडा म्हणून?"

त्याला तेव्हा डोकेदुखी जडली होती. जेवण म्हाताऱ्याबरोबर त्याच खोलीत. लघवीचं भांडं तोच द्यायचा. सुमिए संध्याकाळी आली की पाय मोकळे करायला निघायचा, पण मळ्याच्या कडेला पोचतो न पोचतो तोच मागून तिची हाक येई, "अहो, बाबा विचारतायत, कुठे गेलात?" एकदा मला म्हणाला, की ब्रश धरला की हात आपोआप थांबतो, आता काय चूक निघेल म्हणून. आयुष्यात जी एक गोष्ट त्याची स्वतःची होती, तीही आता सासऱ्याची झाली होती.

शेवटी राहिली माणसं आणि पाणी. अशी विमानं उथळ पाण्यात उभी असत, आणि वैमानिकांचे बूट भिजू नयेत म्हणून मेकॅनिक त्यांना पाठुंगळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून विमानापर्यंत नेत. म्हाताऱ्याला तेच दृश्य हवं होतं. योशिहारुने करंगळीच्या दोन पेरांएवढी दोन माणसं घडवली. खालचा उघडाबंब, दात आवळलेला. वरचा उड्डाणाच्या पोशाखात, हात खालच्याच्या गळ्याभोवती. तोंडं विमानाकडे. म्हाताऱ्याने ती डाव्या तळहातावर घेतली, कितीतरी वेळ पाहिली, आणि पहिल्यांदाच कसलीही चूक काढली नाही. "ठेव," म्हणाला.

योशिहारुने पाणी ओतलं. हे पाणी म्हणजे पारदर्शक राळ. पातळ पातळ थर द्यायचे, एक थर सुकू द्यायचा, मग दुसरा, नाहीतर ती तापून तडकते. वास इतका उग्र की सुमिएने बापाला त्या दिवसांपुरतं पुढच्या खोलीत हलवलं. राळ एकदा घट्ट झाली की काचेसारखी. तिच्यात खालचा कमरेपर्यंत बुडून ते दोघे कायमचे तिथेच राहिले. इतकं सुंदर काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी मी गेलो तो दवाखान्यातलं एक जुनं पायाने चालवायचं ड्रिल घेऊन. तराफ्यांच्या कडेला राळेचे काही थेंब सांडले होते, ते कोरायला. योशिहारु उत्साहात होता. प्रदर्शन पुढच्या रविवारी, मग किताजिमांना फोन. म्हाताऱ्याला उशीला टेकवून बसवलं होतं. मला बघून तो म्हणाला, "आले दातवाले! आमच्या समुद्राचे दात काढायला आलात वाटतं?"

"थोडेसे घासायचेत, बाबा."

योशिहारुने देखावा त्याच्या मांडीसमोर आणला. म्हाताऱ्याने वाकून पाहिलं. मग म्हणाला, "फिरव."

"काय फिरवू? देखावा?"

"या दोघांना. तोंडं किनाऱ्याकडे हवीत."

योशिहारु हसला, आणि मग त्याचं हसणं थांबलं.

"बाबा, ती राळेत आहेत. दगड झालाय तो."

"माहीत आहे मला."

"तुम्ही ठेव म्हणालात म्हणून ओतली मी."

"तेव्हा म्हणालो. आता फिरव म्हणतोय."

"नाही फिरवणार."

वीस वर्षांत त्या घरात हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नसेल. म्हाताऱ्याने काठी उचलली. ती जमिनीवर आपटणार असं मला वाटलं, पण त्याच्या डाव्या हाताचा नेम चुकला की त्याला तेच हवं होतं कोण जाणे, काठी विमानावर पडली. एक पंख मोडून पांढऱ्या वाळूवर जाऊन पडला.

योशिहारु ओरडला नाही. उठून उभा राहिला, आणि त्याचा आवाज इतका सपाट होता की मला भीती वाटली. "तुम्हाला हे पुरं व्हायलाच नकोय."

"नकोच आहे," म्हातारा म्हणाला.

मी उठायला लागलो, तर तोच मला म्हणाला, "बसा हो दातवाले. तुम्ही परके आहात म्हणून बोलवतंय मला." आणि माझ्याकडे बघत तो बोलत राहिला, जावयाकडे नाही. "वरचा तो नागासे. लेफ्टनंट नागासे, टेहळणी करायचा. थट्टेखोर. तापातून नुकता उठलेला, वजन असं नव्हतंच. रोज मीच न्यायचो त्याला. त्या सकाळी पाण्यात असताना कानाशी म्हणाला, 'काताहिरा, आज जरा पाय घसरू दे की.' मी हसलो. मला वाटलं, नेहमीसारखी मस्करी. तोही हसला. मी त्याला सांभाळून नेऊन चढवला. बुटाला थेंब लागू दिला नाही."

"आणि?" मी विचारलं.

"आणि काय! ते विमान परत आलं नाही." डाव्या हाताने त्याने तोंड पुसलं, झटक्यानंतर एका बाजूने लाळ गळायची. "पडलो असतो तर भिजला असता. पुन्हा ताप भरला असता. डॉक्टरने त्या दिवशी सोडला नसता. एवढंच होतं हो. एक पाय."

योशिहारु अजून उभाच होता. मला वाटलं आता हा विरघळणार, सासऱ्याच्या पायाशी बसणार. माझे स्वतःचे डोळे भरून आले होते. पण तो म्हणाला, "फार वाईट झालं, बाबा. पण ते माझ्या पाठीवर का?"

"मग कुणाच्या ठेवू?" म्हाताऱ्याने आता त्याच्याकडे पाहिलं. "हे पुरं झालं की तू ते उचलून नेणार. मग तूही जाणार. कारखाना बंद पडणार. मी या खोलीत या भिंतीकडे बघत मरायची वाट बघू?"

दार सरकलं. सुमिएला त्या दिवशी सुट्टी होती. चहाचा ट्रे हातात घेऊन ती बाहेर किती वेळ उभी होती कोण जाणे, चहा पार निवला होता. तिने ट्रे खाली ठेवला.

"कारखाना का बंद पडेल?" ती म्हणाली.

"मग कोण चालवणार?"

"मी."

"तू?" म्हातारा म्हणाला. "वाफेसमोर उभं राहणं बाईमाणसाचं काम आहे का?"

"तुम्ही लढाईवर होतात तेव्हा आजी उभी राहायची. तुम्हीच सांगता. आणि मी कारखान्यातच लहानाची मोठी झाले ना?" तिचा आवाज चढला. "तुम्ही दोघांनी हिवाळाभर या खोलीत बसून एकमेकांचा गळा धरलात. हे म्हणतात मला सोडा, तुम्ही म्हणता सोडत नाही. मला कुणी विचारलंय का कधी? एकदा तरी? संघाच्या कचेरीत दुसऱ्यांच्या चहावर शिक्के मारून माझा जीव विटलाय!"

योशिहारु तिच्याकडे बघतच राहिला. "तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही तरी मला कधी विचारलंत? थेट जाऊन बाबांना विचारलंत!"

मला त्यांच्या घरातून निघून जावंसं वाटत होतं, पण दारात ती उभी होती. शेवटी तिनेच माझ्याकडे बघून "माफ करा हं डॉक्टर" म्हटलं आणि खिडकी उघडली. पूर्ण उघडली. बाहेरची थंड हवा आत आली. म्हातारा खोकला, पण काठी त्याच्या हातात नव्हती, ती टेबलाखाली पडली होती आणि कुणीच ती उचलली नाही.

योशिहारुने दुसऱ्या दिवशी किताजिमांना फोन करून होकार कळवला. कुणाला न विचारता. म्हणजे, या वेळी सुमिएला विचारून.

पंख त्याने जोडला. आणि त्याने ते दोघे फिरवलेही. मी विचारलं, नाही म्हणाला होतास ना? तो म्हणाला, "सांगितलं म्हणून करत नाही. पण गोष्ट ऐकल्यापासून मलाच तो तसा बघवत नाही." माझ्या ड्रिलने त्यांच्याभोवतीची राळ कोरताना एक लांब चीर गेली, थेट तराफ्यापर्यंत. दोघांना मोकळं केलं तेव्हा खालच्याचा एक पाय तुटला. नवा पाय करायला वेळ नव्हता, आणि तो पाण्याखालीच जाणार होता. त्यांना किनाऱ्याकडे तोंड करून बसवलं, भोकात नवी राळ ओतली, पण नवी जुनीशी एकजीव झाली नाही. त्यांच्याभोवती एक धुरकट डाग राहिला.

प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी विमानाची स्तुती केली आणि पाण्यातल्या डागाबद्दल हळहळ व्यक्त केली. किसाबुरोला आम्ही चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. तो देखाव्यासमोर बसला, बराच वेळ. मी जवळ जाऊन विचारलं, "आता बरोबर आहे?" तर म्हणाला, "असं झालं नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "घरी चला."

एप्रिलपासून योशिहारु कंपनीत जायला लागला. सकाळची पहिली बस, डोंगरातून वळणं घेत तासभर. नमुने बनवायची खोलीही लहानच आहे, एका बाजूला धुरकट काच. पहिले दोन महिने त्याला एकाच विमानाची चाकं ठेवायची खोबण पुन्हा पुन्हा करायला लावली. साहेब चुका काढतात. "तिथेही म्हातारेच आहेत, डॉक्टर," तो म्हणाला. पण डोकेदुखी गेली होती.

म्हाताऱ्याने त्याच्याशी बोलणं टाकलं. जेवताना समोर बसायचा, पण मीठ हवं असलं तरी सुमिएला सांगायचा, "त्याला म्हणावं, बरणी इकडे दे." योशिहारुने ते मनावर घेतलं नाही असं म्हणता येणार नाही. घर तेच, भिंती त्याच. बसमधून उतरून फाटकाशी आलं की पाय जड होतात, असं त्याने मला सांगितलं. आडनाव तर काही परत मिळणार नव्हतं.

मे महिन्यात पहिली खुडणी आली. सुमिएने संघाची नोकरी सोडली होती. पहाटे चारला ती वाफेसमोर उभी असायची, डोक्याला फडकं बांधून. योशिहारु रजा घेऊन मदतीला राहिला, तिच्या हाताखाली. ती म्हणेल ते उचलायचा, म्हणेल तिथे ठेवायचा. पहिल्या दिवशीचा चहा तिने स्वतः करून बापाला नेला. त्या दिवशी मीही तिथे होतो.

म्हाताऱ्याने घोट घेतला, तोंडात घोळवला.

"वाफ जास्त झाली," तो म्हणाला.

"झाली नाहीये," सुमिए म्हणाली.

"पानं कोवळी आहेत, इतकी वाफ सोसत नाहीत. दे आणखी."

तिने पेला भरला. योशिहारु दारापाशी बसून पायातले रबरी बूट काढत होता. म्हाताऱ्याने त्याच्याकडे न बघता विचारलं, "उद्या जायचंय का रे तुला कामावर?"

"परवा," योशिहारु म्हणाला. "उद्या आहे मी."

"हं," म्हातारा म्हणाला, आणि दुसरा पेला प्यायला लागला.